डब्यातला सिनेमा आणि दारातला माणूस



चित्रपट जपून ठेवला आहे असं आपण म्हणतो, तेव्हा नेमकं काय जपलेलं असतं? पत्र्याचा गोल डबा, त्यात गुंडाळलेलं रीळ, डब्यावर चिकटवलेली चिठ्ठी आणि एक थंड, कोरडी खोली. एवढं झालं की जपणूक पुरी झाली, असं वाटतं. पण एखादी कविता वहीतच राहिली, कुणी कधी वाचलीच नाही, तर ती जगली असं मी तरी म्हणणार नाही. मी कविता लिहिणारा माणूस, शिक्षण बी.ए.पर्यंतचं. सिनेमाचं शास्त्र मी कुठं शिकलेलो नाही. पण जपलेली गोष्ट माणसांपर्यंत पोचवायची कशी, हा प्रश्न कवीलाही पडतोच. म्हणून आज एका संग्रहालयाच्या निमित्तानं त्याविषयी थोडं बोलणार आहे.

अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरी कॅलिफोर्निया विद्यापीठाचं चित्रपट आणि दूरचित्रवाणी संग्रहालय आहे. लाखो वस्तू असलेला हा संग्रह जगातल्या विद्यापीठांच्या संग्रहांत सर्वांत मोठा समजला जातो. त्यात हर्स्ट कंपनीचे जुने वार्तापटच २ कोटी ७० लाख फूट आहेत. पडद्यावर मिनिटाला ९० फूट फिल्म सरकते. म्हणजे कुणी न झोपता, न उठता पाहायला बसलं तरी दोनशे दिवस पुरेल एवढा हा ऐवज. आता सांगा, यातून आपल्याला हवी ती दोन मिनिटं कशी शोधायची?

इथं एका माणसाचं काम सुरू होतं. संग्रहालयात अभ्यासक आणि सामान्य प्रेक्षक यांची सोय पाहणारा समन्वयक असतो. श्रेयनामावलीत त्याचं नाव येत नाही, पण दार त्याच्या हातात असतं. समजा, पीएच.डी. करणारी एक मुलगी येते आणि म्हणते, मला १९३० च्या दशकातल्या संपांची दृश्यं पाहायची आहेत. तो आधी सूची चाळतो. मग पाहतो, की त्या वार्तापटाची पाहण्यासाठी काढलेली वेगळी प्रत आहे का. कारण मूळ निगेटिव्ह कुणालाही यंत्रावर चढवू देत नाहीत. प्रत्येक वेळी यंत्रातून जाताना फिल्मवर ओरखडा उठण्याची, ती तुटण्याची भीती असते. पाहण्याची प्रत असेल तर वेळ ठरवून अभ्यासकाला ती तिथंच बसून, मोफत पाहता येते. नसेल तर नवी प्रत काढावी लागते. त्याला पैसे लागतात, महिने लागतात.

पुन्हा हक्कांचा गुंता असतोच. डबा संग्रहालयाचा असला तरी आतल्या चित्रपटाचा स्वामित्वहक्क बहुतेक वेळा दुसऱ्याचा असतो. एका अभ्यासकाला दाखवणं निराळं, सभागृहात शंभर लोकांना दाखवणं निराळं आणि दृश्य कापून माहितीपटात वापरायला देणं आणखी निराळं. समन्वयकाला या तिन्हींतला फरक रोज सांभाळावा लागतो, आणि तोही समोरच्या माणसाचा उत्साह न मोडता.

शिवाय घरातच दोन मतं असतात. जतन करणारा तंत्रज्ञ म्हणतो, फिल्मला जितके कमी हात लागतील तितकी ती टिकेल. त्याचं खोटं नाही. १९५० पर्यंतची बरीचशी व्यावसायिक फिल्म नायट्रेटची. ती एकदा पेटली की पाण्याखालीसुद्धा जळत राहते. नंतरची अॅसिटेटची फिल्म सहजी पेटत नाही, पण दमट हवेत सडते आणि डबा उघडताच व्हिनेगरचा आंबूस वास येतो. दुसरीकडे दारात उभा असलेला अभ्यासक म्हणतो, मला दाखवणारच नसाल तर जपता कुणासाठी? त्याचंही खोटं नाही. समन्वयकानं या दोघांनाही न्याय द्यायचा असतो.

हे जमतं तेव्हा काय घडतं, याचं एक उदाहरण सांगतो. चार्ल्स बर्नेट हा याच विद्यापीठाचा कृष्णवर्णीय विद्यार्थी. त्यानं पदवीसाठी ‘किलर ऑफ शीप’ नावाचा कृष्णधवल चित्रपट केला. तो १९७७ साली पुरा झाला. खर्च दहा हजार डॉलरच्याही आत. लॉस एंजेलिसमधल्या वॉट्स या गरीब वस्तीतला एक माणूस कत्तलखान्यात कामाला आहे. त्याला रात्री झोप लागत नाही. मुलं एका छपरावरून दुसऱ्या छपरावर उड्या मारतात. दोघं मित्र जुन्या गाडीचं इंजिन विकत घेऊन जिना उतरवतात, ते टेम्पोत ठेवतात आणि गाडी सुरू होताच ते रस्त्यावर पडून निकामी होतं. एवढंच. पण कष्टकऱ्याच्या आयुष्यातली ती हताशा पाहताना आपल्याच गल्लीत उभं असल्यासारखं वाटतं.

या चित्रपटाला १९८१ साली बर्लिनला समीक्षकांचं पारितोषिक मिळालं. तरी तो चित्रपटगृहांत रीतसर लागू शकला नाही. कारण त्यात वापरलेल्या गाण्यांचे हक्क घेतलेले नव्हते. विद्यार्थ्याकडे तेवढे पैसे कुठून असणार? वर्षानुवर्षं तो वर्गात, महोत्सवात, झिजलेल्या प्रतींवर पाहिला गेला. पुढं विद्यापीठाच्या संग्रहालयानं मूळ १६ मिलिमीटरच्या फिल्मवरून त्याचं पुनरुज्जीवन करून ३५ मिलिमीटरची प्रत काढली. वितरकांनी गाण्यांचे हक्क मिळवले. त्यासाठी सुमारे दीड लाख डॉलर लागले, म्हणजे चित्रपटाच्या खर्चाच्या पंधरा पटींहून अधिक. आणि २००७ साली, तीस वर्षांनी, लोकांनी तिकीट काढून तो पाहिला.

संग्रहालय तिथंच थांबलं नाही. बर्नेटच्या बरोबरीनं हेली गेरिमा, ज्युली डॅश, बिली वूडबेरी असे अनेक कृष्णवर्णीय विद्यार्थी त्या काळात या विद्यापीठात चित्रपट शिकले होते. ‘एल. ए. रिबेलियन’ या नावानं ती पिढी ओळखली जाते. अभ्यासकांनी त्यांच्या दीर्घ मुलाखती ध्वनिचित्रमुद्रित केल्या, त्यांच्याकडच्या फिल्म गोळा झाल्या, काहींच्या नव्या प्रती निघाल्या, २०११ मध्ये त्या लोकांना दाखवल्या गेल्या आणि २०१५ मध्ये त्यावर ग्रंथ आला. संशोधन झालं म्हणून फिल्म सापडल्या, सापडल्या म्हणून दाखवता आल्या, आणि दाखवल्या म्हणून आणखी अभ्यासक आले. अभ्यास आणि प्रेक्षक यांची अशी सांगड कुणीतरी टेबलापाशी बसून, पत्रं लिहून, फोन करून घातलेली असते.

आता आपल्याकडे वळू. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात लागला. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. राहिली आहेत ती छायाचित्रं. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि पी. के. नायर यांच्यासारख्या माणसानं गावोगाव फिरून डबे गोळा केले, म्हणून फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ आपल्याला पाहता येतो. नायरसाहेब नुसते गोळा करणारे नव्हते, दाखवणारेही होते. विद्यार्थ्यांना चित्रपट पाहायला मिळावेत म्हणून त्यांनी जन्मभर खटपट केली. २००३ च्या जानेवारीत पुण्यातच लागलेल्या आगीत नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळाला. त्या राखेतून आता काही शोधता येणार नाही.

पण जे अजून जळलेलं नाही, त्याचं काय? मालेगावचंच पाहा. यंत्रमागाच्या त्या गावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० च्या सुमारास साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर ‘मालेगाव के शोले’ केला. गावातल्याच माणसांनी कामं केली, गावानं गर्दी करून तो पाहिला. फैज़ा अहमद खान यांच्या २००८ च्या माहितीपटामुळं त्या माणसांची ओळख जगाला झाली. पण व्हिडिओची फीतही फिल्मसारखीच नाशवंत. तिच्यावरचा चुंबकीय थर झडत जातो आणि ती वाजवणारी यंत्रंही भंगारात निघतात. वॉट्सच्या वस्तीला आपला बर्नेट मिळाला आणि त्याला विद्यापीठाची थंड खोली मिळाली. मागावर राबणाऱ्या माणसांनी स्वतःच्या हातानं केलेल्या सिनेमाला ती कोण देणार?

आपल्या विद्यापीठांत वृत्तपत्रविद्येचे, मराठीचे, उर्दूचे विभाग आहेत. त्यांना लाखो डबे सांभाळायला कुणी सांगत नाही. एक कोरडी खोली, एक नीट केलेली सूची, पाहण्यासाठी काढलेल्या प्रती आणि महिन्यातून एक खुला खेळ, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. जिल्ह्यातल्या हौशी कलावंतांच्या फिती, गावच्या उरुसाचं, जत्रेचं, मोर्चाचं चित्रण, जुन्या छायाचित्रकारांच्या पेट्या, हे सगळं आज घराघरांत माळ्यावर पडून आहे. ते करणारी माणसं आता साठीच्या, सत्तरीच्या पुढं गेली. फितीत दिसणारी माणसं कोण, हे त्यांनाच ठाऊक आहे. फीत उद्याही मिळेल कदाचित, ओळख सांगणारा मिळणार नाही.

आणि या सगळ्यासाठी लागेल तो दारातला माणूस. विद्यार्थ्याला वेळ देणारा, फीत घेऊन आलेल्या म्हाताऱ्या चाचांना खुर्ची देणारा, हक्कांचे कागद नीट लावणारा आणि खेळाच्या दिवशी दार उघडून ‘या, बसा’ म्हणणारा. विद्यापीठांनी खोली बांधण्याआधी या माणसाची नेमणूक करावी. खोलीत काय ठेवायचं, हे तो गावात फिरून आणील.