'बंगाल' नावाची छोटी बोट
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



धाम नदीत पोहायला शिकलेला पोरगा समुद्रावर काय दिवे लावणार, म्हणून तुम्ही माझी पुष्कळ चेष्टा केलीत. मी पंधरा वर्षं सुरुंग काढणाऱ्या बोटींवर काढली. पहिल्या सुट्टीत गणवेश घालून शाळेत आलो, तेव्हा इतिहासाच्या बाईंनी विचारलं, "बेचाळीस साली तुमचं नौदल काय करत होतं रे?" मी गप्प राहिलो. बाई आज समोर बसल्या आहेत. उत्तर आता देतो.

त्या वर्षी 14 जुलैला काँग्रेस कार्यकारिणीचा ठराव आपल्या वर्ध्यात झाला. 16 ऑगस्टला आष्टीत गोळीबार झाला. आणि 11 नोव्हेंबरला हिंदी महासागरात रॉयल इंडियन नेव्हीची 'बंगाल' ही बोट 'ओंडिना' या डच तेलवाहू जहाजाच्या सोबतीला होती.

'बंगाल' सिडनीत बांधलेली, जेमतेम साडेसहाशे टनांची. बांधली सुरुंग काढायला. मागे लांब तार ओढत जायचं; तारेवरच्या कात्रीने सुरुंगाचा दोर तुटला की तो वर येतो, मग गोळ्या घालून फोडायचा. या कामाला मोठ्या तोफा लागत नाहीत. समोर आली 'होकोकू मारू' आणि 'आयकोकू मारू' ही दोन जपानी जहाजं, प्रत्येकी दहा हजार टनांवरची. तेलवाहूला निसटता यावं म्हणून कप्तान विल्सन यांनी बोट सरळ शत्रूवर घातली. 'ओंडिना'वरही एक तोफ होती. एक गोळा वर्मी बसला आणि 'होकोकू मारू' स्फोट होऊन बुडालं. गोळा कोणत्या बोटीचा, हा वाद पुढे राहिला. दारूगोळा संपत आल्यावर 'बंगाल' धुराआड निघाली. तिच्यावरचा एकही माणूस दगावला नाही. 'ओंडिना'चा कप्तान मात्र मारला गेला. जहाज कसंबसं फ्रीमँटलला पोचलं.

बाई, बोटीवर झेंडा इंग्रजांचा होता, हे खरं. पण खलाशी आपलेच होते. याच नौदलातल्या पोरांनी फेब्रुवारी 1946 मध्ये मुंबईत संप करून इंग्रजांना हादरवलं. आणि 'बंगाल' स्वातंत्र्यानंतरही 1960 पर्यंत आपल्या नौदलात राहिली. आष्टीचे हुतात्मे आणि हे खलाशी, दोघांनाही मी एकाच वर्षात बसवतो. एकाला मोठं करण्यासाठी दुसऱ्याला खोडावं लागत नाही.

उत्तर फार उशिरा दिलं. मार्क किती द्यायचे, ते तुम्हीच ठरवा.