दोर सोडण्याआधी

(गोदीतल्या पोरांच्या बैठकीतलं भाषण)



मी मॅट्रिक. कायदा मला कुणी शिकवला नाही. पण दिवसभर धक्क्यावर दोरांशीच झटापट असते, म्हणून आज दोराबद्दल बोलतो.

खाजगी बोया तुम्ही पाहिलाय. तळाला सिमेंटचा ठोकळा, त्याला साखळी, वर तरंगता बोया. हे सगळं ठराविक वजनाच्या बोटीसाठी टाकलेलं असतं. त्याला कुणी भलताच जड मचवा आणून बांधला, की भरतीच्या ओढीनं ठोकळा घसरतो. मचवा जातोच, शेजारच्या दोन होड्याही फोडतो. तेव्हा मालक बोंबलतो ते अगदीच खोटं नसतं. न विचारता रोज फुकट बांधणारा काही क्रांतिकारक नाही.

पण मालक स्वतः पाण्यात येतो का? तो वरून सांगतो, जा रे, सोड त्याचा दोर. जाणारा कोण? पगारी रखवालदार, तुमच्या-माझ्या वस्तीतला. मी त्याच्याशी बोलतोय.

1904 साली अमेरिकेत शँप्लेन सरोवरात प्लूफ नावाचा माणूस बायको आणि दोन पोरांना घेऊन शिडाच्या होडीतून चालला होता. वादळ उठलं. समोर पटनम नावाच्या मालकाचं बेट, त्याचा खाजगी धक्का. प्लूफनं होडी बांधली. पटनमच्या नोकरानं दोर सोडला. होडी किनाऱ्यावर आपटून फुटली, बायकापोरं पाण्यात पडली, जखमी झाली. 1908 साली व्हरमाँटच्या वरच्या कोर्टानं सांगितलं, जीव वाचवायला बांधलेली होडी ही घुसखोरी होत नाही. दोर नोकरानं सोडला तरी दावा मालकावर चालेल.

थांबा, टाळ्या नकोत. 1910 साली मिनेसोटाच्या कोर्टात दुसरा निकाल लागला. डुलुथ बंदरात रेनॉल्ड्स नावाची आगबोट माल उतरवून झाल्यावरही वादळामुळं धक्क्यालाच राहिली. झिजलेले दोर बदलत राहिली. धक्क्याचं नुकसान झालं. कोर्ट म्हणालं, राहिलात ते बरोबर, पण 500 डॉलर भरा. मला हेही पटतं.

हे झालं तिकडचं. पाणी खाजगी आहे ही भाषा आपण महाडला ऐकलीय. 1927 साली बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्याले, तेव्हा सवर्ण कोर्टात गेले, म्हणाले तळं खाजगी. 1937 साली मुंबई हायकोर्टात बाबासाहेब जिंकले. दहा वर्षं लागली. म्हणून कुणी ‘खाजगी’ म्हणाला की मी आधी विचारतो, काय काय खाजगी? बोया तुझा, साखळी तुझी, कबूल. खालचा समुद्र?

तर रखवालदार भावा, हवा शांत असेल तर तांडेलाला जाऊन सांग, हलव बाबा. बोटीवर कुणी नसेल तर नंबर लिहून घे, फोटो काढ, बंदराच्या ऑफिसात कळव. वारा सुटला असेल आणि बोटीत माणूस असेल, तर दोराला हात लावू नकोस. हुकूम लेखी माग. लेखी देणारा मालक मी अजून पाहिला नाही.

आणि बांधणाऱ्यानं वारा पडला की आपल्याच हातानं दोर सोडायचा. काही तुटलं असेल तर नाव-पत्ता ठेवून जायचं.