पैसा हाये, पण आपला नंबर शेवटी

(मुकुटबन येथील सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर, १९९८)



कोणत्याही हापिसात जा, उत्तर एकच मिळते : "सरकारजवळ पैसा नाही." विहिरीला नाही, मास्तरला नाही, पोडावर यायला नर्सबाई नाही. आपल्या भागातून कोळसा जातो, सागवान जाते, तेंदूपत्ता जातो. मंग पैसा जातो कुठे? आज तो हिशोब करू.

यंदा मे महिन्यात पोखरणला अणुस्फोट झाले. पाकिस्ताननेही लगेच केले. जूनमध्ये दिल्लीचे अंदाजपत्रक आले, त्यात संरक्षणाला ४१,२०० कोटी रुपये. म्हणजे पाळण्यातले लेकरू धरून माणशी चारशेच्या वर. देश राखू नये असे आपण म्हणत नाही. पण दोन्हीकडची लेकरे उपाशी असताना ही गत म्हणजे घरात नाही दाणा अन् मला बाजीराव म्हणा!

कोणी म्हणेल, देश श्रीमंत झाला की गरिबी आपोआप जाईल. अमेरिका पाहा. जगात सगळ्यांत श्रीमंत, फौजेवर सगळ्यांत जास्त खर्च करणारी. तिथे सरकारच्याच मोजणीने सात-आठ माणसांत एक गरीब आहे. उलट कोस्टा रिका हा लहानसा देश. त्याने १९४८ साली फौजच बंद केली, शाळा अन् दवाखान्यांवर पैसा लावला. तिथला माणूस आज जवळपास अमेरिकेतल्या माणसाएवढेच वर्षे जगतो.

म्हणजे तिजोरीत किती, एवढाच प्रश्न नाही. वाटणीत पहिला नंबर कोणाचा, हा खरा प्रश्न आहे.

हा नंबर बदलता येतो. १९७२ च्या दुष्काळात मजुरांनी काम मागितले, मोर्चे काढले. त्यातून रोजगार हमी उभी राहिली. तिच्यासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला, सरकारने तेवढीच भर घातली, १९७७ मध्ये कायदा झाला. पैसा आभाळातून पडला नाही, मागणाऱ्यांनी काढायला लावला.

तसेच आदिवासी उपयोजनेचे. राज्यात आपण नऊ टक्के, म्हणून योजनेच्या पैशातही नऊ टक्के आदिवासींसाठी, असे सुकथनकर समितीने सांगितले. १९९३-९४ पासून सरकारने ते धरले. मंग आपल्या गावात त्यातून काय आले? विहीर किती, शाळा किती? ग्रामसभेत विचारा. पांढरकवड्याच्या प्रकल्प कार्यालयात लेखी विचारा, पोच घ्या.

अन् जमिनीचे काय? २५ ऑक्टोबर १९८० च्या आधीपासून कसलेल्या वनजमिनीची प्रकरणे तपासून निकाली काढा, असे केंद्राने १९९० मध्येच लिहून दिले आहे. पट्ट्याला कोटी लागत नाहीत. मोजणीची साखळी, कागद अन् सही लागते. इथे "पैसा नाही" हे कारणही उरत नाही. काहून अडले, ते त्यांनी सांगावे.

म्हणून प्रत्येक गावाने दोन याद्या करा : कोण कोणती जमीन कधीपासून कसतो ती एक, नऊ टक्क्यांतून गावात काय आले ती दुसरी. जुन्या दंडाच्या पावत्या जपून ठेवा. त्या आपल्या कसण्याचा पुरावा आहेत. याद्या हातात असल्या की बोलणे सोपे जाते.

जोहार!