मत्तयाची वंशावळ आणि आपलं तेर

बायबलमधलं मत्तयाचं शुभवर्तमान वाचायला घेणारे पुष्कळ जण पहिल्याच पानावर अडतात. गोष्ट राहते बाजूला, समोर येते नावांची रांग. अब्राहामापासून येशूपर्यंत, चौदा-चौदा पिढ्यांचे तीन टप्पे. विल्यम कॅरीनं 1805 साली बंगालातल्या श्रीरामपूरला हे पुस्तक मराठीत छापलं. तेव्हाच्या मराठी वाचकाला या रांगेचं फारसं नवल वाटलं नसावं. वंशावळ आपल्या ओळखीचीच. आजही वारसनोंद असो की जातीचा दाखला, आधी तीच काढावी लागते.

पण आपल्या जुन्या वंशावळीत बापाखाली मुलगा आणि मुलाखाली नातू. लेकी-सुनांना तिथं जागा नसे. मत्तयानं मात्र मधेच बायका आणल्या, आणि त्याही कोणत्या! सारा, रिबका या मानाच्या कुलमाता त्यानं घेतल्या नाहीत. घेतली ती सासऱ्यापासून मुलं झालेली तामार, यरीहोची वेश्या राहाब, परमुलखातली विधवा रूथ. चौथीचं तर नावही नाही, नुसतं ‘उरीयाची बायको’. दावीद राजानं उरीयाला लढाईत मारवलं आणि त्याची बायको आपल्या घरात आणली, ते मत्तय झाकत नाही. घराण्याची थोरवी गाणारा भाट असलं काही सांगेल का?

मग येते येशूची आई मरीया, लग्नाआधी दिवस गेलेली. तिचा वाग्दत्त वर योसेफ तिची बदनामी न करता तिला गुपचूप सोडायचं ठरवतो. पुढे स्वप्नात देवदूत बोलतो आणि तो तिला घरी आणतो. आधीच्या चौघींना भेटून इथवर आलेला वाचक तिच्याकडे बोट दाखवायला कचरतो. माझ्या मते रांग त्याचसाठी मांडली आहे.

दुसऱ्या अध्यायात पूर्वेकडचे ज्ञानी लोक सोनं, ऊद आणि गंधरस घेऊन येतात. ऊद आणि गंधरस अरबस्तानच्या आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा माल. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक पुस्तकात तिथली बंदरं आहेत. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं तगर शहरही त्याच पुस्तकात आहे. तगर म्हणजे आपलं तेर. इथलं कापड गाड्यांतून भडोचला जाई आणि तिथून जहाजावर चढे.

हे सगळं परक्या मुलखातलं, आपला काय संबंध, असं वाटणाऱ्यांनी संत गोरोबाकाकांचं दर्शन झालं की तेरच्या लामतुरे संग्रहालयातही जाऊन यावं. रोमन व्यापाराच्या काळातल्या वस्तू तिथं मांडून ठेवल्या आहेत.