छत्तीस तासांची ड्युटी आणि घरची दुसरी बाई
(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरात केलेले भाषण)



घरकामगार बायांचे, अंगणवाडी सेविकांचे प्रश्न पडलेले असताना आज डॉक्टरांच्या कामाच्या तासांवर कशाला बोलायचे, असे काहीजणींना वाटले असेल. मलाही तसेच वाटायचे. एमएसडब्ल्यू करून एका सरकारी रुग्णालयात समाजसेविका म्हणून लागले, कॅज्युअल्टीत येऊजाऊ लागले, तेव्हा मत बदलले.

एका सकाळी रात्रीचे केसपेपर बघत होते. भाजलेली एक बाई आली होती, सोबत नवरा आणि सासू. ड्युटीवरची डॉक्टर पंचविशीची मुलगी, आदल्या दिवशी सकाळी आठला कामावर आलेली. उपचारात तिने कसूर केली नव्हती. सलाईन, ड्रेसिंग, वॉर्डात खाट, सगळे वेळेवर. पण कागदावर सासूने सांगितले तेच उतरले होते: स्टोव्हचा भडका. नातेवाइकांना बाहेर काढून बाईला एकटीला विचारायला पाच मिनिटे पुरतात, पण डोके ताळ्यावर असावे लागते. पुढे कोर्टात हाच कागद येतो, हे तुम्हाला सांगायला नको. मी तिला चांगले फैलावर घ्यायचे ठरवून गेले. तिला त्या बाईचा चेहराही आठवेना. ती रडायला लागली, आणि माझा राग जागच्या जागी राहिला.

कॅज्युअल्टीत नर्स, वॉर्डबॉय, सफाई कामगार तीन पाळ्यांत बदलतात. निवासी डॉक्टर मात्र तोच. केंद्र सरकारच्या १९९२ च्या आदेशात सलग बारा तासांपेक्षा जास्त काम सहसा नसावे आणि आठवड्याची सुटी मिळावी, असे लिहिले आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमांत आकडाच नाही, 'वाजवी तास' एवढेच आहे. आयोगाच्याच कृतिगटाने २०२४ मध्ये आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवली. आठ तासांच्या हिशेबाने हे सव्वानऊ दिवस झाले, आणि आठवडा आपला सातांचाच!

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ साली दाखवले की सलग १७ तास जागलेल्या माणसाचे हात आणि लक्ष रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखे चालते. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्याला मर्यादा आहे ०.०३ टक्के. म्हणजे ज्या अवस्थेत स्कूटर चालवली तर दारू प्यायलेल्याइतका धोका, त्या अवस्थेत टाके घालायला चालतात.

'निवासी' हा शब्द तरी बघा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ही पद्धत रुजली, तेव्हा तरुण डॉक्टर खरोखरच रुग्णालयात राहत आणि त्यांनी लग्न करू नये अशी अपेक्षा असे. मुंबईत पहिल्या वर्षाच्या डॉक्टरला 'हाऊसमन' म्हणायची जुनी सवय आहे, मग ती बाई का असेना. डॉक्टरला घर नाही, किंवा असलेच तर ते सांभाळायला कुणीतरी आहे, असे धरूनच ही ड्युटी आखली गेली.

ते कुणीतरी कोण? पुरुष डॉक्टर असेल तर त्याची बायको किंवा आई. त्याचे छत्तीस तास म्हणजे तिचेही छत्तीस तास, बिनपगारी आणि बिनसुटीचे. डॉक्टर बाई असेल तर? माझ्या एका डॉक्टर मैत्रिणीचे सांगते. तिच्या बाळाजवळ एक मावशी बसतात. ड्युटी लांबली की मावशी रात्री तिथेच राहतात. त्या रात्री मावशींच्या घरी त्यांची दहा वर्षांची मुलगी भाकऱ्या थापते आणि सकाळी शाळा बुडवते. वरच्या बाईचे तास वाढले की खालच्या बाईचे वाढतात आणि शेवटी एका पोरीचे.

तास कमी केले की सगळे सुटेल असेही नाही. आठ-आठ तासांच्या पाळ्या लावल्या तर रात्री अकराला सुटणारी मुलगी घरी कशी जाणार? काहीजणी म्हणतात, बारा तास चालतील, पण पुढचा दिवस पूर्ण सुटीचा द्या. पाळी बदलताना रुग्णाची माहिती निसटते, ही वरिष्ठांची अडचणही खोटी नाही. पण त्यासाठी अर्धा तास राखून ठेवता येतो. खरे दुखणे रिकाम्या जागांचे आहे. एकाच्या पगारात दोघांचे काम होत असेल तर भरती कोण करणार?

ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात छत्तीस तासांच्या ड्युटीत सेमिनार हॉलमध्ये पाठ टेकलेल्या डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला. त्यावर राज्य सरकारने काय सुचवले? बायांना शक्यतो रात्रपाळी देऊ नका! सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये हरकत घेतली, हे बरे झाले. रात्री बाई डॉक्टर नसेल तर मारहाण झालेली, अत्याचार झालेली बाई कुणाशी बोलेल? आपल्याला रात्रपाळी हवी, विश्रांतीच्या खोलीला आतून कडी हवी, पाळणाघर हवे आणि बारा तासांची मर्यादा बाई-पुरुष दोघांनाही हवी.

पुढच्या वेळी कुणा बाईला घेऊन कॅज्युअल्टीत जाल, तेव्हा डॉक्टरांशी भांडण्याआधी त्यांना विचारा, "किती वाजल्यापासून आहात?" उत्तर तारखेसह वहीत लिहून ठेवा. तीन महिन्यांनी आपण सगळ्या वह्या एकत्र करू आणि अधिष्ठात्यांकडे जाऊ. डॉक्टरांच्या संघटनेला सोबत घेण्याचे मी बघते.