लंडन ते पॅरिस : अंतर आणि वेळ



एका गांवाहून दुसऱ्या गांवीं जाण्यास किती वेळ लागेल, असें कोणी विचारलें असतां आपण अंतरास वेगानें भागून उत्तर देतों. विमानाच्या बाबतींत हें गणित कितपत खरें ठरतें, हें पाहण्यासाठीं लंडन-पॅरिस हा युरोपांतील जुना हवाईमार्ग आपण उदाहरणादाखल घेऊं.

२५ ऑगस्ट १९१९ रोजीं लंडनजवळच्या हाउन्स्लोहून पॅरिसनजीकच्या ल बूर्जे येथें रोजची विमानसेवा सुरू झाली. पहिल्या विमानांत प्रवासी एकच होता. सोबतीस वर्तमानपत्रें आणि कांहीं शिकारीचे पक्षी होते. त्या लहानशा विमानास सुमारें अडीच तास लागले.

आज हीथ्रो व शार्ल द गोल या विमानतळांमधील सरळ अंतर सुमारें ३५० किलोमीटर आहे. ताशीं ८०० किलोमीटर वेगानें उडणाऱ्या जेट विमानानें तें २६ मिनिटांत कापावयास हवें. वेळापत्रकांत मात्र सव्वा तास किंवा त्याहूनहि अधिक वेळ छापलेला असतो. याचें कारण असें कीं, विमान आपली जागा सोडतें त्या क्षणापासून दुसऱ्या विमानतळावर तें उभें राहीपर्यंतचा सर्व वेळ तेथें धरलेला असतो. धांवपट्टीपर्यंत जाणें, आपली पाळी येईपर्यंत थांबणें, उंची गांठणें आणि लागलीच उतरूं लागणें, या सर्वांत पूर्ण वेग मिळतो तो थोडाच काळ. शिवाय नियंत्रक सांगतील त्या वळणाच्या मार्गानें जावें लागतें, आणि हीथ्रोवर गर्दी असल्यास आकाशांतच घिरट्या घालाव्या लागतात. वरच्या थरांत वारे बहुधा पश्चिमेकडून वाहतात. म्हणून पॅरिसकडे जातांना त्यांचें साह्य होतें, परततांना विरोध होतो.

आतां यांत शहरापासून विमानतळापर्यंतचा प्रवास आणि तेथील तपासणी मिळवा. दोन्ही विमानतळ आपापल्या शहराच्या मध्यापासून वीस किलोमीटरांहून दूर आहेत. १९९४ सालीं इंग्लिश खाडीखालील बोगदा खुला झाला. आज लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकांतून निघालेली आगगाडी सुमारें सव्वादोन तासांत पॅरिसच्या मध्यवस्तींत पोहोंचते. तिचा वेग विमानाच्या निम्म्याहूनहि कमी. तरी घरापासून मुक्कामापर्यंतच्या हिशेबांत ती मागें पडत नाहीं.

या हिशेबांत आणखी एक बाब आहे. जमिनीवरून उंच चढतांना विमान इंधन फार जलद जाळतें. म्हणून प्रवास जितका आंखूड, तितका दर किलोमीटरामागें इंधनाचा खर्च मोठा, आणि वातावरणांत मिसळणारा कर्बवायुहि अधिक. जेथें आगगाडीनें अडीच तासांच्या आंत जातां येतें, असे कांहीं देशांतर्गत विमानमार्ग फ्रान्सनें २०२३ सालीं बंद केले, ते याच विचारानें. लंडन-पॅरिस मार्ग दोन राष्ट्रांमधील असल्यानें त्या नियमाबाहेर आहे. तेथें निवड प्रवाशाच्याच हातीं आहे. ती करतांना त्यानें उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंतचा सगळा वेळ मोजावा, आणि वांचलेल्या मिनिटांची किंमत कोण देतो, हेंहि स्वतःस विचारावें.