आधी प्रार्थना, मग टोपली



मी वसतिगृहाचं काम बघतो. धान्य, हजेरी, आजारी मुलं. यात माझी सकाळची उपासना कधी सुटली, कळलंच नाही. सेवा हीच उपासना, असं मी म्हणायचो. सोयीचं होतं ते.

मार्चअखेर धडगावकडच्या एका पाड्यावर मुक्काम होता. मोहफुलं पहाटे गळतात. उशीर झाला की शेळ्या खातात. तरी घरातल्या आजीनं आधी सगळ्यांना चुलीपाशी बसवून प्रार्थना केली, मग टोपल्या उचलल्या.

"आजी, फुलं जातील ना?"

"थोडी जातील."

लूकच्या शुभवर्तमानातली मार्था मला त्या दिवशी फार ओळखीची वाटली. आता कोठीची किल्ली मी प्रार्थनेनंतरच हातात घेतो. नाश्त्याला दहा मिनिटं उशीर होतो. मुलं कुरकुरतात.